दाराला टेकवलेला खराटा

आमच्या कोर्तेयार्वी गावात दाराला कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्याला तोंडावर चोर म्हणणं. घराबाहेर पडायचं तर बर्चच्या काटक्यांचा खराटा उचलायचा आणि दाराला तिरका टेकवायचा, झालं. खराटा दिसला की येणारा समजतो, घरात कुणी नाही, आणि आल्या पावली परत फिरतो. हाक मारत नाही, आत डोकावत नाही, खिडकीला नाक लावत नाही. आमच्या पोरांना हे चालायला लागायच्या आधी कळतं. आणि याच रीतीच्या आड लपून कुणीतरी दोन हिवाळे आमच्या म्हाताऱ्या मारत फिरत होतं.

मी ताइस्तो. दुकानगाडी चालवतो. जुनी बस आहे, आत दोन्ही बाजूंना फळ्या, फळ्यांवर कॉफी, साखर, राईचा काळा पाव, खारवलेली मासळी, लोकर, रॉकेल, सगळं. मंगळवारी तळ्याच्या अलीकडे, शुक्रवारी पलीकडे. घरापाशी आलो की भोंगा वाजवायचा. फिनलंडचा माणूस बोलत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांनी माझी गाडी बघितलेली नाही. भोंगा वाजवल्यावर म्हाताऱ्या आधी जीभ घेऊन बाहेर येतात, मग पिशवी. सामान घेऊन झालं की मला आत ओढतात, कॉफी पाजतात आणि जगाला शिव्या घालतात. मला हे फार आवडायचं. आवडायचं म्हणजे काय, माझं सगळं आयुष्यच ते होतं. ना बायको, ना पोर.

आधी लेम्पीमावशी गेली. दाराला खराटा होता, मी भोंगाही न वाजवता पुढे गेलो. पुढच्या खेपेलाही खराटा. शेवटी भाचा आला, त्याला बिछान्यात सापडली, हात छातीवर घेतलेले, केस विंचरलेले. ऐंशीच्या घरातली बाई झोपेत जाते, यात नवल ते काय? आम्ही रडलो, गायलो, वेलदोड्याचे गोड पाव खाल्ले आणि तिला पुरलं. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्युनेमावशी गेली. तसाच खराटा, तसेच हात. पण तिसऱ्या आउनेमावशीला तपासायला जो डॉक्टर आला तो नवा होता आणि किरकिरा होता. त्यानं तिच्या तोंडातून उशीचं पीस काढलं आणि विचारलं, "ही बाई झोपेत उशी खायची का?"

मग शहरातून पेल्कोनेन नावाचा अधिकारी आला. उंच, जरा वाकलेला, नाक सारखं वाहतंय. त्यानं सगळ्या गावाला शाळेत जमवलं. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर आमच्या गावची पोलीस बसली होती, सेन्या. माझी सख्खी बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून मला शाळेत ओढत नेणारी, माझे कान पिळणारी आणि माझ्या वाटचा बापाचा मार खाणारी तीच.

"मला एक समजत नाही," पेल्कोनेन नाक पुसत म्हणाला. "तिन्ही घरांना खराटा लावलेला होता. बरोबर?"

"बरोबर," आम्ही म्हणालो.

"खराटा बाहेरून लावतात."

"मग काय आतून लावतात?" मागून म्हातारा यल्मारी म्हणाला. सगळे हसले.

"म्हणजे लावणारा बाहेर होता," पेल्कोनेन शांतपणे म्हणाला. "आणि बाई आत होती."

हसू जागच्या जागी विझलं. देवाशपथ सांगतो, आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. खराटा बाजूला करून आत गेलेलो आम्हीच, बाई मेलेली बघणारे आम्हीच, आणि तोच खराटा उचलून कोपऱ्यात नीट उभा करणारेही आम्हीच. खराटा म्हणजे घरात कुणी नाही, एवढं एकदा डोक्यात बसलं की त्यापुढे आमचं डोकं चालत नाही. ते बघायला बाहेरचा सर्दट माणूस यावा लागला. मला त्याचा राग आला, आणि तो बरोबर होता म्हणून जास्तच आला.

"आजपासून खराटा दिसला की आत जायचं," पेल्कोनेन म्हणाला.

"न विचारता?" बायका किंचाळल्याच.

"न विचारता."

"आणि बाई नुकतीच सौनातून निघालेली, अंगावर सूत नाही, अशी उभी असली तर?" यल्मारीनं विचारलं.

"तर माफी मागा."

"माझ्या वयात माफी कोण मागतो? आभार मानीन."

शेजारच्या बाईनं त्याच्या डोक्यात हातमोजा हाणला. पण पेल्कोनेन हसला नाही. तो म्हणाला, "ही रीत परक्याला माहीत नाही. मलाही नव्हती. म्हणजे हे करणारा माणूस तुमच्यातलाच आहे. या बायका दार उघडतील, कॉफी ठेवतील, पाठ वळवतील, असा. आता मला सांगा, तिन्ही घरांचा खराटा सगळ्यांत आधी कुणी पाहिला?"

माना वळल्या. एकेक करून नाही, सगळ्या एकदम. बघत होते ते माझ्याकडे. मीही वेड्यासारखं मागे वळून पाहिलं, माझ्या मागे कोण आहे म्हणून. मागे भिंत होती.

दुसऱ्या दिवशी मला सेन्याच्या कचेरीत बोलावलं. पेल्कोनेन विचारत होता आणि सेन्या टाइपरायटरवर बडवत होती. गाडीची झडती आधीच झाली होती. टेबलावर लोकरीच्या हातमोज्यांची जोडी होती, राखाडी, मनगटाला लाल पट्टी.

"त्युनेबाईंचे हातमोजे तुमच्या गाडीत कसे?"

"तिनं विणून दिले. माझे हात गारठतात म्हणून."

"कुणासमोर दिले?"

"हातमोजे द्यायला काय पाद्री बोलवायचा असतो?"

"ताइस्तो," सेन्या टाइपरायटरवरून मान वर न करता म्हणाली, "विचारलं तेवढंच सांग."

पुष्कळ वेळ चाललं. मी घरात कधी शिरायचो, किती वेळ बसायचो, कुठल्या खुर्चीत बसायचो, म्हाताऱ्या मला काय सांगायच्या. मी म्हटलं, गुडघे, जावई आणि सरकार. पेल्कोनेन माणूस वाईट नव्हता, आवाज चढवत नव्हता. पण मी पोचायच्या आधीच खराटा लावलेला होता, हे माझ्याशिवाय कुणीच पाहिलेलं नव्हतं, आणि ते मलाही दिसत होतं. मी त्याच्या जागी असतो तर मीही मलाच धरलं असतं.

सुटल्यावर मी बाहेर पायरीवर थांबलो. सेन्या सिगारेट ओढायला आली.

"सेन्या, तुला काय वाटतं?"

"मला वाटायचं काम नाही."

"मी पोलिसाला विचारत नाहीये गं."

"आत्ता इथं पोलीसच उभी आहे," ती म्हणाली, अर्धी सिगारेट बर्फात टाकली आणि आत गेली.

गाव काय म्हणायचं ते म्हणो. बोलणाऱ्याचं तोंड काय धरता येतं? पण सेन्यानं एकदा, नुसतं एकदा, मान हलवून का होईना, 'तू नाहीस' म्हणावं एवढंच मला हवं होतं. त्यावर मी जन्मठेपही काढली असती. पायरीवर उभा राहून मी चक्क रडलो, आणि थंडी अशी होती की रडलेलं पापण्यांवरच गोठलं.

गाडी मी बंद केली नाही. बंद करणं म्हणजे कबूल करणं. पण भोंगा वाजवला की आता बायका दोघी-दोघी मिळून यायला लागल्या. पिशवी दारातूनच पुढे करायच्या, डोळे माझ्या हातांवर. 'आत ये' कुणी म्हणेना. ज्या घरांत मी साखर कुठल्या डब्यात असते ते न बघता सांगू शकतो, त्या घरांची दारं माझ्या तोंडावर हळूच लागायची. जोरात लावली असती तर मी भांडलो असतो. हळूच लावलेल्या दाराशी कसं भांडायचं?

दोघीच तेवढ्या बदलल्या नाहीत. एक मिर्या. पंचायतीकडून म्हाताऱ्यांच्या घरी मदतीला जाणारी, चाळिशीची, गोल चेहऱ्याची, हळू बोलणारी. आंघोळ घाल, केस विंचर, गोळ्या दे, नखं काप, सगळं करायची. आणि दुसरी हिल्पामावशी. तिचं घर तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला. सगळं गाव मला टाळत होतं त्या शुक्रवारी तिनं दार सताड उघडलं आणि तिथूनच ओरडली, "ये रे खुन्या, कॉफी गार होतेय!"

"मावशी, हळू बोल की जरा."

"का? घर माझं, तोंड माझं. आणि मारायचं असेल तर आधी खाऊन घे. उपाशीपोटी असली कामं करू नयेत."

आत मिर्या तिचे पाय गरम पाण्यात घालून बसली होती. मी पाव कापला, हिल्पामावशी बडबडत होती. तिच्या सगळ्या मैत्रिणी गेल्या, डोळ्यांना दिसत नाही, मुलगा स्वीडनला तो तिकडचाच झाला. "देव माझं नाव विसरला बघ. रोज त्याला आठवण करते, आता ने बाबा. पण तोही फिनिशच, ऐकतो आणि गप्प बसतो."

मी हसलो. आम्ही सगळेच अशा बोलण्याला हसायचो. म्हाताऱ्या माणसांचं ते ठरलेलं असतं, गुडघा दुखतो म्हणावं तसं मरण मागायचं.

"ऐकणारं कुणीतरी असतं, हिल्पाबाई," मिर्या तिचा पाय पुसत म्हणाली.

निघताना ती माझ्याबरोबर पायरीपर्यंत आली. "तू मनाला लावून घेऊ नकोस," ती म्हणाली. "तू असलं काही करणार नाहीस, मला माहीत आहे." जे माझ्या बहिणीनं म्हणायचं ते ही परकी बाई म्हणाली. त्या दिवशी मी मिर्याला भाजलेल्या टोस्टचं पुडकं तसंच देऊन टाकलं.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी हिल्पामावशीच्या दाराला खराटा होता.

दुपारच होती, म्हणजे आमच्याकडे हिवाळ्यात दिवेलागण. मी इंजिन चालू ठेवून बसलो. हिल्पामावशी कुठे जाणार? तिला धड अंगणात जाता येत नाही. दवाखान्यात नेली असेल? भाऊबंद आले असतील? मी स्वतःला सगळं सांगून बघितलं. खरं होतं ते एवढंच: आत गेलो आणि ती मेलेली निघाली, तर मी संपलो. तिन्ही घरांचा खराटा मी पाहिलेला, चौथ्या घरात तर माझी पावलं, माझे हात. परत फिरलो आणि ती जिवंत असली, तर ती संपली. फोन होता तो यल्मारीकडे, तळ्याला वळसा घालून. गाडी मागे घ्यावी, यल्मारीला आणावं, साक्षीदार असावा. शहाणपण तेच होतं. माझा हात गिअरवर गेलासुद्धा.

मग मला वाटलं, गाढवा, तेवढ्या वेळात माणूस मरतं.

उतरलो. पायऱ्या चढलो. खराट्याला हात लावला तेव्हा अंगावर काटा आला. हसाल तुम्ही, पण पन्नास वर्षांच्या आयुष्यात मी दुसऱ्याच्या दाराचा खराटा हलवला नव्हता. बापानं थोबाडात मारली असती. तो बाजूला ठेवला, दार ढकललं आणि ओरडलो, "मावशी, मी खुनी आलोय गं!" आतून काहीच नाही.

ती बिछान्यात होती. चेहऱ्यावर उशी, हात छातीवर नीट ठेवलेले. मी उशी ओढून काढली. तोंड निळं पडलेलं. गालावर चापट मारली, खांदे हलवले, नाव घेऊन घेऊन हाका मारल्या, माहीत होत्या तेवढ्या शिव्या घातल्या, म्हटलं शिव्यांना तरी उत्तर देईल. आणि मग तिच्या घशातून आवाज आला, बंद नळात हवा खेळावी तसा. परत आला. छाती हलली. मी उशी पोटाशी धरून वेड्यासारखा हसत होतो की रडत होतो, देव जाणे.

"उशी खाली ठेव."

दारात सेन्या उभी होती. मला नंतर कळलं, सकाळपासून ती माझ्या मागावर होती, गाडीचे दिवे विझवून, दर घराच्या अलीकडे झाडीत थांबत, त्यामुळे दारातला खराटा तिला दिसला नव्हता. तिचा हात कमरेच्या पिस्तुलावर होता.

"सेन्या, श्वास चालू आहे, बघ, अगं..."

"उशी खाली ठेव, ताइस्तो."

ठेवली. तिनं गाडीतल्या वायरलेसवरून डॉक्टर मागवला, परत आली, हिल्पामावशीला कुशीवर वळवलं, मान नीट केली, सगळं बिनचूक. मग माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मला लहानपणापासून पाठ आहे. तो असा मी कधी पाहिला नव्हता, सगळं रक्त उतरलेला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

'तू केलंस का?' असं विचारलं असतं तर 'नाही' म्हटलं असतं. ओरडून म्हटलं असतं. पण 'कधीपासून?' याला काय उत्तर देणार? त्या प्रश्नात माझा निकाल लागून गेलेला होता. मी दोन्ही हात पुढे केले आणि तिनं बेड्या घातल्या. बेडीची कळ तिला दोनदा लावावी लागली, हेही सांगतो, कारण खरं आहे.

कोठडीत मला पेल्कोनेन भेटायला यायचा, ती नाही. हिल्पामावशी दवाखान्यात बेशुद्ध होती आणि ती वाचेल की नाही, यावर माझं सगळं टांगलेलं होतं. एकदा पेल्कोनेन दोन कप कॉफी घेऊन आला, माझ्यासमोर बसला आणि पुष्कळ वेळ शिंकला.

"खराटा होता तरी आत का गेलात?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच सांगितलं होतंत ना."

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "पण कुणी ऐकेल असं वाटलं नव्हतं. सगळ्या गावात तुम्ही एकटेच निघालात." मग म्हणाला, "मारणारा माणूस बाहेर खराटा लावून आत येत नाही. खराटा त्यानं जाताना लावलेला असतो. हे मी तुमच्या बहिणीलाही सांगितलं."

"मग?"

"ती म्हणाली, तो हुशार आहे, बाहेर खराटा लावून मागच्या दारानं आत गेला असेल. मागचं दार बाहेरून बर्फानं बंद होतं. हे तिनंच आधी तपासलं होतं." त्यानं नाक पुसलं. "स्वतःच्या माणसाला सोडलं म्हणतील, या भीतीनं माणूस किती कठोर होतो बघा."

त्यानं ते तिची बाजू घ्यायला म्हटलं असेल. मला मात्र ते जास्तच लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकलेलं होतं. संन्याशाची बहीण दोर वळते, हे ऐकलेलं नव्हतं.

मग एका सकाळी हिल्पामावशीनं डोळे उघडले. नर्सनं चमच्यानं रस्सा भरवला तर ती म्हणाली, "हा रस्सा आहे की भांडी विसळलेलं पाणी?" नर्स पळत डॉक्टरला बोलवायला निघाली, तेव्हा म्हातारीनं तिचा झगा धरून ठेवला आणि हळूच म्हणाली, "मिर्याला म्हणावं, मी नुसतं म्हणत होते गं."

मिर्याला धरायला गेले तेव्हा ती गोड पाव भाजत होती. तिनं भट्टी विझवली, हात धुतले आणि विचारलं, सोमवारी यल्मारीच्या गोळ्या कोण देणार? काही लपवलं नाही. पेल्कोनेननं मला हे नंतर, मी सुटल्यावर, शहराला परत निघताना, माझ्या गाडीच्या पायरीवर बसून सांगितलं. ती म्हणाली होती, "त्या रोज म्हणायच्या ना, आता ने, आता ने. ऐकणारं कुणी नव्हतं. मी ऐकलं."

"आणि खराटा?" मी विचारलं. "उशिरा सापडाव्यात म्हणून?"

"मीही तेच विचारलं. तिला नवल वाटलं. म्हणाली, उशीर कशाला? बाई गेलेली होती, घरात कुणी नव्हतं, मग खराटा नको लावायला? हिल्पाबाईंच्या वेळी तेवढी चूक झाली म्हणाली, तिला वाटलं त्या गेल्या."

आम्ही सगळे समजत होतो, खुन्यानं आमच्या रीतीचा फायदा घेतला. तिनं तर ती रीत आमच्याहून नेटानं पाळली होती. राग आला, किळस आली, आणि त्याहून वाईट एक गोष्ट मनात आली. चार म्हाताऱ्यांनी वर्षानुवर्षं आमच्यासमोर मरण मागितलं आणि आम्ही हसून दुसरा पाव उचलला. मावशी, असं का म्हणतेस, हे कुणीही विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर स्वतःला त्यांचा लाडका समजत होतो. त्यांचं बोलणं मनावर घेणारी अख्ख्या गावात एकच निघाली, आणि तिचं डोकं असं फिरलेलं.

त्या हिवाळ्यात लोक माझ्याकडे कुलपं मागायला लागले. मी मागवली, विकली. खराटे कोपऱ्यात गेले. गावानं माझी माफी मागायची ती आपल्या पद्धतीनं मागितली: कुणी दारातून हाक मारली, कुणी आत मासे भरून भाजलेली भाकरी फडक्यात बांधून आणली, यल्मारी नुसताच येऊन माझी गाडी बर्फातून उकरून गेला. मी सगळ्यांना माफ केलं. अवघड नव्हतं. गावासाठी मी दुकानगाडीवाला. दुकानगाडीवाला खुनी असू शकतो. पण सेन्यासाठी मी ताइस्तो होतो, आणि तिला तेवढं पुरलं नाही.

ती रविवारी आली. वर्दीत नव्हती. तिनं बूट झटकले, टोपी काढली आणि दाराजवळच्या बाकावर बसली. घर तिचंही आहे, आम्ही दोघं त्याच घरात वाढलो. मी कॉफी ठेवली.

"मी तुला ते विचारायला नको होतं," ती म्हणाली.

"विचारायलाच हवं होतं. पण ते नव्हे."

"हो," ती म्हणाली. "ते नव्हे." मग म्हणाली, "मला वाटलं, मी जरा जरी ढिली पडले तर... आपला बाप मारायचा तेव्हा गावानं मिटले, तसे मीही डोळे मिटून घेईन."

कॉफीचे जाडे कप शेल्फवर होते, तिचा निळा, माझा कान तुटलेला. रोजचे. आणि माझा हात, मी त्याला काही सांगितलं नव्हतं, काचेच्या कपाटाकडे गेला. आईच्या सोनेरी काठाच्या कपबश्या मी बाहेर काढल्या. त्या पाद्री आला, डॉक्टर आला की निघायच्या. टेबलावर मांडल्या, दोन. चमचे ठेवले. सेन्या त्या कपबशीकडे बघत राहिली. ती पोलीस आहे, तिला कळायला काही सांगावं लागलं नाही.

"घे कॉफी," मी म्हणालो.

घरचं माणूस असं विचारायची वाट बघत नाही. 'सरक' म्हणतं आणि भांडं स्वतःच उचलतं. तीन वेळा म्हणावं लागतं ते पाहुण्याला. पहिल्यांदा पाहुणा नको म्हणतो, दुसऱ्यांदा जरा उठल्यासारखं करतो, तिसऱ्यांदा टेबलाशी येतो.

सेन्या बाकावरून हलली नाही. "नको," ती म्हणाली. "उगाच कशाला त्रास."

तिचा आवाज कसाबसा बाहेर आला होता. मला वाटलं, ही चिडली. चिडली नव्हती. मी जे ठरवलं होतं ते तिनं मान खाली घालून मान्य केलं होतं.

"घे गं, गरम आहे तोवर," मी दुसऱ्यांदा म्हणालो.

ती बाकावरून अर्धी उठली, एक हात भिंतीला, आणि माझ्याकडे बघत तशीच थांबली. पन्नाशी उलटलेली बाई, गुडघे दुखत असणार. बाहेर छपरावरून बर्फ घसरून पडला. कॉफी गार होत होती. तिसऱ्यांदा म्हणायला मला फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ ती तशीच, अर्धी उठलेली, उभी राहिली.

"ये, सेन्या," मी म्हणालो.